दुपारचे आवाज

अठराव्या पानावर त्याने पटकथा खाली ठेवली, चष्मा काढून डोळे चोळले आणि पुन्हा उचलली. त्यातला स्वयंपाकघराचा नळ त्याच्या घरचा होता.

तीन थेंब भराभर, मग दम घेऊन चौथा. फ्रिज बंद होताना आतल्या बाटल्या किणकिणतात. जिन्याची तिसरी पायरी कुरकुरते. बारा वर्षं हे सगळं त्याच्या कानांवरून गेलं होतं आणि त्याने त्यातलं एक अक्षर कधी कागदावर उतरवलं नव्हतं.

तो स्वतः पटकथालेखक. निदान व्हिजिटिंग कार्डावर तरी. बारा वर्षांत एक लघुपट पदरात पडला, दोन पटकथा निर्मात्यांच्या कपाटात झोपल्या. पोटापाण्यासाठी तो स्वतंत्र चित्रपटांना मदत करणाऱ्या एका छोट्या संस्थेत इतरांच्या पटकथा वाचायचा आणि समासात लाल शेरे मारायचा. त्यावरून सगळे त्याला मास्तर म्हणत.

तिथे पटकथेवर नाव नसे, नुसता क्रमांक. नावं बंद पाकिटांत आणि पाकिटं अध्यक्षबाईंच्या कपाटात. वाचकाने लेखकाचं नाव ओळखलं तरी ते तोंडातून काढायचं नाही, हा नियम. वर्षाकाठी प्रत्येकाला एकच शिफारस. मास्तरने ती तीन वर्षं कुणालाच दिली नव्हती. दमलेल्या माणसाला नाही म्हणणं सोपं जातं.

ही एकतीस नंबरची. तिच्यातली बाई सकाळभर लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या तपासून घरी येते. नवरा दुपारी कामावर जातो, आणि घरी असतो तेव्हाही घरात नसतो. रोज दुपारी एक माणूस येतो आणि तिचं बोलणं ऐकतो, बस्स. शेवटी बाई बॅग भरते आणि त्याच्याबरोबर निघून जाते.

मास्तरची बायको लॅबमध्येच होती. परवा तो लवकर घरी गेला, तेव्हा तिने घाईघाईने लॅपटॉप मिटला होता. आता त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्या नकळत बायको लिहीत होती, आणि आपल्यापेक्षा चांगलं लिहीत होती!

आणि तो ऐकणारा? लग्नाआधी मास्तर तसाच होता. तासन्‌तास तिचं ऐकायचा. तिला तोच परत हवा होता, आणि हे सांगायला बिचारीला शंभर पानं लिहावी लागली.

ओळखीची पटकथा परत करायची असते. त्याने केली नाही. आयुष्यात एकदा तरी बायकोसाठी काही करावं, असं त्याला फार वाटलं.

बैठकीत अध्यक्षबाई म्हणाल्या, "मास्तर, हिच्यात माणसं कमी आणि आवाजच जास्त आहेत."

"म्हणून तर ती खरी आहे."

"तीन वर्षं तुम्ही कुणाचं भलं होऊ दिलं नाहीत."

"यंदा होऊ द्या."

बाई हसल्या. एकतीस नंबर ठरला. पाकीट सोमवारी फोडायचं होतं.

संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचा साउंडवाला भेटला. मास्तरच्या एकुलत्या एका लघुपटाचा आवाज त्याने केला होता, आणि तेव्हापासून तो घरच्यासारखा झाला होता. गॅस सिलिंडर यायचा असला की घराची किल्ली त्याच्याकडेच ठेवत.

"दादा, फार दमलेले दिसता."

"आज नाही रे," मास्तर म्हणाला आणि त्याची पाठ थोपटून पुढे गेला.

बायको भांडी पुसत होती.

"एक पटकथा वाचली," तो म्हणाला. "आपल्या नळाची."

तिचा हात थांबला. "तुला कळलं?"

"अठराव्या पानावरच."

ती खुर्चीवर बसली. "मी सांगणारच होते रे. कसं सांगू तेच सुचत नव्हतं."

"चूक माझी आहे. तू बोलत होतीस आणि मी ऐकत नव्हतो."

"राग नाही आला?"

"आधी लाज वाटली. मग बरं वाटलं." खरंच वाटलं होतं. लेखकाचं नाव न घेण्याचा नियम त्याने घरातही पाळला. "मी शिफारस केलीय. आता घाबरून मागे फिरू नकोस. शेवट लिहिलाय तसाच होऊ दे."

ती ओंजळीत तोंड लपवून रडली. मग उठून तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. कित्येक वर्षांत फिरवला नव्हता.

"तू इतका चांगला आहेस, हे मला आधी कळायला हवं होतं," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी ती बॅग भरून निघाली. निकालाच्या दिवशी तिचा जीव घरात लागत नसणार, बहिणीकडे निघाली असेल, असं त्याने धरलं. बॅग त्यानेच उचलली. चांगलीच जड होती. तिसरी पायरी कुरकुरली तशी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पोचलीस की फोन कर," म्हणत त्याने टॅक्सीत बॅग ठेवली.

तिने त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

दुपारी अध्यक्षबाईंनी पाकीट कापलं. बातमी तिला सगळ्यात आधी कळावी म्हणून मास्तर तिचा नंबर काढून, फोन हातात धरून बसला होता.

बाईंनी कागद उलगडला आणि चष्मा सारखा केला.

"अहो मास्तर, हा पत्ता तर तुमच्याच इमारतीतला आहे. वरचा मजला. हा तुमच्या लघुपटाचा साउंडवाला ना?"