दोन हजार गालांवरची थप्पड

पहिल्या एकल अल्बमच्या प्रकाशनाच्या दुपारी रॅपर मंजुळा कोळेकरने मानेवरची पट्टी चालू केली. सोलापूरच्या नाट्यगृहात तशाच पट्ट्या लावून बसलेल्या दोन हजार लोकांना तिच्या छातीतली धडधड स्वतःच्या छातीत जाणवू लागली. आता गाणी अशीच ऐकतात; गाणाऱ्याच्या अंगाला जे होतं, ते ऐकणाऱ्यांच्याही अंगाला होतं.

विंगेत तिचा जुना जोडीदार रणधीर वाट अडवून उभा होता. सहा वर्षं दोघं मिळून गायली होती, आणि सहा वर्षं त्याने तिला मारलं होतं.

"तिसरं गाणं काढून टाक," तो म्हणाला. "त्यात माझं नाव आहे."

"नाव तुझं असेल, मार मी खाल्लाय. नाही काढणार."

त्याने तिच्या कानाखाली वाजवली. बाहेर दोन हजार लोक एकदम कळवळले. त्याने केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं, तेव्हा खुर्च्या मोडत माणसं विंगेत घुसली. आयुष्यात कधी मार न खाल्लेलेच सगळ्यांत पुढे होते. त्यांनी रणधीरला पाडलं आणि माइकच्या स्टँडने झोडपलं. त्याचे दात फरशीवर सांडले.

"सोडा, मरेल तो!" मंजुळा ओरडली. कुणी ऐकेना.

मग तिने त्याच्यावर अंग टाकलं. पुढचा घाव तिच्या पाठीत बसला आणि मारणाराच पाठ धरून किंचाळला. त्याच्यामागची सगळी गर्दी गुडघ्यांवर कोसळली.

"मंजू... वाचवलंस मला," रणधीर रक्ताळल्या तोंडाने पुटपुटला.

"तुला नाही, या लोकांना," ती म्हणाली. "खुनी होऊन घरी गेले असते."