उडीचं बटण

“श्वास धर, ठिपके... धर... आता!”

बाबांचा तो आवाज इतक्या वर्षांनीही तिच्या कानात ताजा होता. तेव्हा तिचे हात एवढेसे. गेमचा कंट्रोलर तिच्या दोन हातांत मावायचा नाही. म्हणून एक कंट्रोलर दोघांत. डावी बाजू बाबांची, उजवी तिची. बाबा पडद्यावरच्या नाकतोड्याला पळवायचे, ती त्याला उडवायची. खाली फिरती करवत, वर काटे. अंगठा जरा उशिरा पडला की नाकतोडा मेला, आणि पुन्हा पहिल्यापासून. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. लांब रेघ ओढताना ते श्वास रोखून धरत. तीच युक्ती त्यांनी लेकीला उडीसाठी दिली. रंगाच्या थेंबाएवढी, म्हणून ती ठिपकी.

आज ठिपकी बाबांपेक्षा बोटभर उंच होती, आणि जुन्या गेमच्या दुकानात काउंटरवर दोन डब्या पडल्या होत्या. नाकतोडा. आणि नाकतोडा, भाग दुसरा.

“दोन्ही मिळायचे नाहीत,” दुकानदार म्हणाला. “एक गिऱ्हाईक सांगून गेलंय, जो उरेल तो माझा. गेमचं मशीन मात्र तुमचंच. बोला पेंटर, कोणता बांधू?”

“पहिला,” बाबा म्हणाले.

“दुसरा,” ती म्हणाली.

“अहो, घरी भांडून यायचं ना!”

परवा ती परत जाणार होती, नोकरीच्या गावी. मागे बाबा एकटे. संध्याकाळी त्यांना काहीतरी विरंगुळा हवा, म्हणून मशीन घ्यायचं तिनंच ठरवलं होतं. पण या सुट्टीत तिनं बरंच पाहिलं होतं. बाबा चहा अर्धा कपच घेत. शर्टाचं वरचं बटण उघडं राही. बोलताना उजवा हात खिशात जाई आणि तिथंच मुक्काम करी. आत्ता दुकानात शिरतानाही तिची नजर वरच्या पाटीवर गेली होती. पाटी बाबांच्याच हातची, नवी. शेवटच्या अक्षराखालची रेघ मधेच शहारली होती.

“शिडी हलली होती,” बाबा म्हणाले होते. तिनं विचारलं नव्हतं.

विचारलं होतं ते घरी. डॉक्टरांकडे जाऊ या का, आणि माझ्याकडेच राहायला का येत नाही. “मला काय धाड भरलीय?” म्हणून बाबांनी पंख्याखाली बसून अंगावर शाल ओढली होती. थंडीनं हात जरा गारठतो, इतकंच.

“दुसऱ्यातली चित्रं बघा ना, बाबा,” ती म्हणाली. “रानफुलं काय सुंदर काढलीत.”

“आणि माणुसकी आहे त्यात,” दुकानदारानं री ओढली. “उडीला उशीर झाला तरी चालवून घेतो. पडलात तर फुलपाखरू येतं, अलगद उचलून कड्यावर ठेवतं. पहिला म्हणजे निव्वळ सासुरवास!”

“मला फुलपाखरू नको,” बाबा म्हणाले.

“हट्ट कसला हा? रोज पहिल्याच करवतीवर मराल!”

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. दुकानदार उगाचच डब्या पुसू लागला. बाबांनी डाव्या हातानं पहिल्याची डबी पुढ्यात ओढली. या माणसानं अख्ख्या बाजाराच्या कपाळावर नावं लिहिली होती, पट्टी न लावता. तो आता एकटा बसून रोज संध्याकाळी त्या करवतीकडून हार खाणार, आणि तरी खिशातला हात बाहेर काढणार नाही. एवढा कसला ताठा, बाबा?

“लावून तर बघू,” बाबा म्हणाले. “पहिलाच.”

कोपऱ्यातल्या टीव्हीसमोर दोन स्टुलं होती. दुकानदारानं मशीन जोडलं. तीच जुनी धून वाजली आणि तिच्या अंगठ्यात काहीतरी जागं झालं. तिनं तो मुठीत दाबून टाकला. बाबांनी कंट्रोलर डाव्या हातात घेतला. उजवा खिशातच.

नाकतोडा निघाला. डाव्या अंगठ्याखाली तो असा सरळ पळाला, जशी बाबांची रेघ. खडक मागे पडले, गवत मागे पडलं, करवतीची घरघर जवळ आली. अगदी कड्याच्या टोकाशी बाबांनी त्याला थांबवलं. नाकतोडा मिशा हलवत उभा राहिला. करवत फिरत राहिली.

“मारा की उडी, पेंटर!” दुकानदारानं काउंटरवरून हाक दिली. “नाकतोडा म्हातारा होईल!”

बाबा स्टुलावर जरा सरकले. तिच्या बाजूला सरकले, खांद्याला खांदा लागेपर्यंत. कंट्रोलरची उजवी बाजू त्यांनी तिच्यापुढे धरली. मग उजवा हात खिशातून काढला आणि गुडघ्यावर उघडा ठेवला. दोरीवर वाळत घातलेल्या रुमालासारखा तो फडफडत होता. त्यांनी तो झाकला नाही.

“दुसऱ्यात फुलपाखरू सांभाळून घेतं,” ते पडद्याकडे बघत म्हणाले. “मग तुला कुठल्या तोंडानं बोलावू?”

तिचा अंगठा बटणावर आला. बाबांनी श्वास धरला, आणि सोडला.

“हा हात गेला गं माझा, ठिपके. उडी तू मार.”