मागच्या खोलीचं माप

रोहानाचा पारा चढला होता. मलेशियातल्या तैपिंगमधलं हे जुनं घर तिचं आणि अझलानचं पहिलंच घर होणार होतं. पण छप्पर गळकं, वायरिंग जळलेलं, आणि मालक चियोंग अंकल किमतीत एक रिंगिटही सोडायला तयार नव्हते.

“तीन लाख दहा हजार. शेवटचं सांगते,” ती म्हणाली. “मागच्या खोलीची तर फरशीच खचलीय.”

“कुठली मागची खोली? दोनच खोल्या आहेत, पोरी.”

“अंकल, मला खुळ्यात काढू नका. माझा नवरा आत्ता तिथंच टेप लावून माप घेतोय.”

ती त्यांना तणतणत स्वयंपाकघरापलीकडे घेऊन गेली. दहा मिनिटांपूर्वी ती ज्या दारातून बाहेर आली होती, तिथं ओल धरलेली सलग भिंत होती.

“हिच्यामागं गल्ली आहे,” अंकल हळूच म्हणाले.

“कसला खेळ चालवलाय हा?” रोहाना संतापून भिंतीवर मुठी आपटू लागली.

भिंतीआडून अझलानचा वैतागलेला आवाज आला. “अगं, आपटतेस काय? लिहून घे. चाळीस फूट झाले.”

रोहानाचा हात थांबला.

“साठ,” तो आणखी लांबून म्हणाला. “आणि पलीकडची भिंत अजून दिसतच नाहीये.”