सावरीच्या कापसाचे हातमोजे

वार्सितोकाकांना लोड कवटाळल्याशिवाय झोप येत नसे. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, तरी त्यांच्या आणि तुमिनीकाकूंच्या मध्ये तो सावरीच्या कापसाचा लोड आडवा असायचाच.

निवृत्तीनंतर काका सायकल मंडळात गेले आणि आठवड्यात त्यांचे तळवे फोडांनी भरले. रविवारी मेरापी डोंगराचा चढ चढायचा होता. सायकलवाल्यांचे खास हातमोजे परवडणारे नव्हते. काकूंनी भातकापणीचे जुने सुती हातमोजे काढले, बोटांची टोकं कापली आणि तळव्याच्या जागी कापूस भरून मऊशार उशी शिवली.

"काय रे, बाळाचे मोजे घालून आलास का?" मित्र हसले. पण काका चढ चढून आले आणि तळव्याला नवा फोड नव्हता.

मग महिनाभर काकू शिवतच राहिल्या. आधी साऱ्या मंडळाला हातमोजे, मग प्रत्येकाच्या सीटवर गुबगुबीत गादी.

एका रविवारी काका जेवून दुपारचे आडवे झाले आणि चाचपडू लागले.

"अगं, माझा लोड कुठाय?"

"संपला. तुमचे मित्र बसलेत त्याच्यावर."

"आता मी काय कवटाळू?"

काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्या थोड्या मागे सरकल्या.

"तुमच्या हातांना मूठभरच कापूस लागला होता हो," त्या हळूच म्हणाल्या. "गाद्या कुणी मागितल्या होत्या? मीच घरोघर जाऊन गळ घातली."