तंबोऱ्यापुरतं

“बदलली केबल,” अ‍ॅम्प्लिफायरच्या मागून उठत दांडेकर म्हणाले. “आता डोळे मिट आणि ऐक.”

बायको, कुमुद, गेल्यापासून मोरेश्वर गाणी ऐकायच्या या खोलीत फिरकलेच नव्हते. जरा तरी माणसात येईल म्हणून जुना मित्र मुद्दाम मनगटाएवढी जाड, नवी कोरी पॉवर केबल घेऊन आला होता.

मोरेश्वरांनी डोळे मिटले. सीडी नेहमीचीच. तिच्या गुरूंच्या घरच्या बैठकीत कुमुद गायली, तेव्हा कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग. तिने ते केवढ्या हौसेने आणून हातात ठेवलं होतं! त्यातले तंबोरे ऐकून मोरेश्वर खूश झाले. केबल बदलून आवाज किती खुलतो ते पारखायला याहून चांगलं काही मिळायचं नाही, म्हणाले. तेव्हापासून घरात आलेली प्रत्येक केबल याच तंबोऱ्यांवर पारखली गेली. आधी तंबोरे, मग तिच्या बांगडीची बारीक किणकिण, की लगेच बंद. पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या केबलवर.

आजही तंबोरे वाजले. बांगडी किणकिणली.

“काही फरक?” दांडेकरांनी विचारलं.

मोरेश्वरांना काहीच जाणवलं नाही. केबलचं नाही, कशाचंच नाही. रिमोट हातात तसाच राहिला, आणि कुमुदने सा लावला.

दांडेकर चपापले. याला हे सोसायचं नाही, असं त्यांना वाटलं. “बंद करू का रे?”

“नको,” मोरेश्वर सपाट आवाजात म्हणाले. “याच्या पुढचं मी कधी ऐकलेलंच नाही.”