आत्या अजून आलेली नाही

"आत्या, इथेच बस. तू अजून आलेली नाहीस," भाची म्हणाली आणि पडदा ओढून निघून गेली.

आत्या स्टेजमागच्या खोलीत येऊन बसली त्याला चांगला तासभर झाला होता. पण भाचीच्या हिशेबी ती यायची होती. उत्सवमूर्ती लोकांना आधीच दिसली की एन्ट्रीची मजा जाते, असं तिच्या कोर्समध्ये शिकवलं होतं. कार्यक्रम आखायचा कसा, गाजवायचा कसा आणि पार पाडायचा कसा, हे शिकवणारा तो कोर्स. शेवटची परीक्षा म्हणून प्रत्येकानं एक खराखुरा कार्यक्रम करून दाखवायचा होता. इतरांना निमित्त शोधत फिरावं लागलं. भाचीला घरातच आयती आत्या मिळाली, तीही पंचाहत्तरीला टेकलेली.

आत्या कबूल झाली ती एकाच अटीवर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर जी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली, ती मैत्रीण बोलवायची आणि शेजारच्याच खुर्चीवर बसवायची. दोघींची गाठ पडून वर्षं लोटली होती. मैत्रिणीला चालवत नव्हतं, आणि आत्याला फोनवरचं धड ऐकू येत नव्हतं. साऱ्या शहराची बोलणी जोडून देणाऱ्या दोघी, पण त्यांचंच बोलणं तुटलं होतं. आता मैत्रिणीचा मुलगा तिला कायमची आपल्याकडे, समुद्रापलीकडे घेऊन चालला होता. भेट व्हायची तर आज, नाहीतर नाहीच.

"बसवते गं शेजारी, त्यात काय एवढं!" भाची म्हणाली होती.

मग मार्केटिंग सुरू झालं. आत्याचा तरुणपणीचा फोटो हुडकून काढला, तो आणखी तरुण केला आणि लिफ्टपासून कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत चिकटवला. खाली लिहिलं, 'अनुभवा, एक प्रवास!' शेजारीण विचारायला आली, "कुठे निघालात?" औषधवाल्यानं विचारलं, "निवडणुकीला चिन्ह कोणतं मिळालं?" जन्माच्या ओळखीच्या माणसांना भाची टार्गेट ऑडियन्स म्हणू लागली. सगळ्यांनी निळं घालून यायचं होतं. प्रत्येक गोष्टीला प्लॅन बी होता. वीज गेली तर जनरेटर, गायक रुसला तर रेकॉर्डिंग.

"काही बिघडलं तरी पाहुण्याला कळता कामा नये," भाची सांगायची. "हा सरांचा पहिला धडा."

"आमच्या वेळी माणसं यायची, बसायची, पोटभर बोलायची आणि जायची."

"तेच तर! तुमच्या कशाला काही फ्लोच नव्हता!"

पडद्यापलीकडे निवेदिका विनोद करत होती. आत्याला बसवेना. मैत्रीण आली का, तेवढं पाहावं म्हणून ती मागच्या दारानं पॅसेजमध्ये गेली. तिथे एकावर एक रचलेल्या खुर्च्या होत्या, फुलांची रिकामी खोकी होती, आणि त्या पसाऱ्यात चाकांच्या खुर्चीवर तपकिरी स्वेटर घालून मैत्रीण बसली होती.

"अगं, तू इथे कशी?"

"तुझ्या भाचीनंच बसवलं. माझी गाडी फोटोत येते म्हणाली. त्यात मी निळी नाही. फोटो झाले की आत नेणार आहे." मैत्रीण हसली. "मी म्हटलं, सावकाश ने बाई. फक्त दारावरच्या फोटोतली ती बया कोण, तेवढं सांग."

आत्यानं रचलेल्यांतली एक खुर्ची ओढून काढली, चाकांच्या खुर्चीला अगदी खेटून लावली आणि टेकली. खांद्याला खांदा लागला. दोघींनी समोरच्या भिंतीकडे तोंड केलं, जशा त्या स्विचबोर्डापुढे बसायच्या. मैत्रिणीचा ऑपरेटरचा खणखणीत आवाज आत्याच्या कानात स्वच्छ शिरला.

विषय निघाला तो सुपरवायझरबाईंचा. पावलांचा आवाज न करता पाठीमागे येऊन उभ्या राहायच्या, म्हणून दोघींनी त्यांचं नाव 'मांजर' ठेवलं होतं. मग तो रोज भांडायला ट्रंककॉल लावणारा नवरा निघाला. त्याला या दोघी मुद्दाम उशिरा जोडून द्यायच्या, तेवढाच त्याचा राग निवायचा. हसता हसता मैत्रिणीला ठसका लागला.

आत ड्रम वाजला. माइकवरून भाचीचा आवाज आला, "आणि आता, जिची आपण सारे आतुरतेनं वाट पाहतोय..."

मैत्रिणीनं कोपरानं ढोसलं. "ऊठ, तुझा पुकारा होतोय."

"होऊ दे," आत्या म्हणाली. "सांग त्यांना, लाइन एंगेज आहे."

आत ड्रम पुन्हा एकदा वाजला. मग बासरी सुरू झाली. आत्याच्या फोटोंची फिल्म लागली असावी, कारण लोकांचे 'आहाहा' ऐकू आले. केक प्रमुख पाहुण्यांनी कापला, तसं माइकवर जाहीरही झालं. टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्याला शोधायला कोणी आलं नाही. शोधणं प्लॅन बीमध्ये नव्हतं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. भाची धावत आली, मागोमाग तिचे सर.

"आत्या! इथे होतीस होय? जाऊ दे, आधी ऐक, सरांनी पैकीच्या पैकी दिले!"

"द्यावेच लागले," सर म्हणाले. "आजी, खरं सांगतो, इतकं चोख नियोजन मी पाहिलं नव्हतं. खुद्द उत्सवमूर्ती गैरहजर, आणि एकाही पाहुण्याला पत्ता नाही! कशाची म्हणून उणीव भासली नाही."

आत्यानं मैत्रिणीचा हात सोडला नाही. तिच्याकडेच वळून म्हणाली, "ऐकलंस? माझ्या शोकसभेचं काम हिलाच द्यायचं. रंगीत तालीम आज झाली."