कुलपामागचा खोकला

सैन्याच्या गोदामाच्या आवारात मी झाडलोट करायची. आत कुलपात कापूस भरलेल्या कोटांच्या थप्प्या होत्या आणि माझा लेक सेइकिची मांचुरियाच्या आघाडीवर गारठत होता.

कोट सोडायला एका साहेबाचा शिक्का हवा होता. साहेब वारले होते.

“मग दुसऱ्याचा मारा की,” मी कारकून मुनाकाताला म्हटलं.

“मावशी, ते वारल्याचा कागद कुठं आलाय?”

हिवाळाभर बंद गोदामातून खोकला ऐकू यायचा. मुनाकाता म्हणायचा, उंदीर असतील.

“उंदीर आई म्हणून हाक मारत नाहीत, मेल्या.”

उन्हाळ्यात कागद आला, कुलूप उघडलं. वरच्या कोटाच्या खांद्यांवर बर्फ होता. घडी उलगडली, तर आत लाल टाक्यांचा पट्टा. गोळी लागू नये म्हणून गावातल्या बायकांकडून एकेक टाका घालून घेऊन, आघाडीवर निघालेल्या सेइकिचीच्या पोटाला मीच तो बांधला होता.

पट्टा अजून कोमट होता.